पंचवीस अक्षरांची तूट : हृदयस्नायूच्या एका जनुकबदलाचा इतिहास

प्रास्ताविक

जनुकशास्त्राच्या वर्गात एक वाक्य फार सहज उच्चारले जाते : अमुक जनुकात बदल झाला की अमुक आजार होतो. परीक्षेपुरते ते चालून जाते. पण ज्याच्या रक्ताच्या अहवालात तो बदल छापून येतो, त्याच्यासाठी तेच वाक्य आयुष्याचा निकाल ठरू शकते. म्हणून असे वाक्य कसे तयार होते, ते किती पक्के असते आणि चुकले तर कोण दुरुस्त करते, हे विद्यार्थ्यांना माहीत असायला हवे.

या टिपणात आपण अशाच एका वाक्याचा इतिहास पाहणार आहोत. हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकातून डीएनएची सलग २५ अक्षरे गळालेली असणे, हा बदल भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो. २००३ मध्ये तो शास्त्रीय नियतकालिकात नोंदवला गेला. २००९ मध्ये हृदयविकाराचे एक मोठे आनुवंशिक कारण म्हणून तो जगभर गाजला. २०२० पर्यंत त्याच्याविषयीचे मुख्य विधान बदलावे लागले. हा सारा प्रवास घडवणाऱ्यांत विद्यापीठात जीवशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, त्यांचे विद्यार्थी आणि सरकारी रुग्णालयांतील डॉक्टर होते.

१. जाड झालेले हृदय : १९५८ ते १९९०

लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टिअर यांनी १९५८ मध्ये काही तरुणांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. यांतील बहुतेकांचा मृत्यू अचानक झाला होता. शवविच्छेदनात दिसले की हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधील पडदा बेसुमार जाड झाला आहे आणि स्नायूतंतू नेहमीसारखे समांतर नसून अस्ताव्यस्त आहेत. या विकाराला पुढे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयस्नायूच्या अतिवृद्धीचा विकार, असे नाव रूढ झाले. रक्तदाब किंवा झडपेचा दोष अशा कोणत्याही बाहेरच्या कारणाशिवाय स्नायू जाड होणे, ही त्याची खूण.

हा विकार एकाच घरात पुन्हा पुन्हा दिसतो, हे लवकरच लक्षात आले. कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या कोॲटिकूक परिसरातील एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. आई किंवा वडिलांपैकी एकाला विकार असेल, तर प्रत्येक अपत्याला बदललेले जनुक मिळण्याची शक्यता निम्मी असते, असा हा प्रभावी वारशाचा नमुना होता. मात्र ते जनुक कोणते, हे कळायला जवळपास तीस वर्षे गेली.

अमेरिकेत हार्वर्ड येथे क्रिस्टीन साइडमन आणि जोनाथन साइडमन या दांपत्याच्या प्रयोगशाळेने याच कुटुंबाच्या रक्तनमुन्यांवर काम केले. १९८९ मध्ये त्यांनी जनुकाची जागा १४व्या गुणसूत्रावर निश्चित केली. १९९० मध्ये नेमका बदल सापडला : बीटा मायोसिन या प्रथिनाच्या साखळीत ४०३व्या स्थानी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन आले होते. हजारो अक्षरांच्या जनुकात एका अक्षराचा फरक, आणि त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या हृदयविकार. हृदयाच्या जनुकशास्त्राची आधुनिक सुरुवात या शोधापासून मानतात. ‘एक बदल, एक आजार’ हे वाक्य या कुटुंबापुरते अगदी खरे होते. पुढची अडचण तेच वाक्य सर्वत्र लावल्यामुळे झाली.

२. दुसरे जनुक

स्नायू आकुंचन पावतो तो मायोसिनचे जाड तंतू आणि ॲक्टिनचे बारीक तंतू एकमेकांवर सरकल्यामुळे. मायोसिनच्या तंतूला ठरावीक अंतरावर चिकटून राहणारे एक प्रथिन १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ओळखले गेले. त्याला सी-प्रथिन म्हटले गेले. हृदयातील त्याच्या प्रकाराला मायोसिन-बंधक सी-प्रथिन म्हणतात. ते तंतूंची रचना सांभाळते आणि मायोसिन किती जोमाने ॲक्टिनला पकडेल यावर लगाम ठेवते.

या प्रथिनाचे जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे. त्याचे संक्षिप्त नाव एमवायबीपीसी३. यातील बदलांमुळेही हृदयस्नायूची अतिवृद्धी होते, हे १९९५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. आज या विकाराच्या रुग्णांत ज्या जनुकांत सर्वाधिक बदल सापडतात, त्यांत बीटा मायोसिन आणि हे जनुक अग्रभागी आहेत.

तोपर्यंतचा जवळजवळ सारा अभ्यास युरोपीय वंशाच्या कुटुंबांवर झाला होता. भारतात या आजाराचे रुग्ण होते, त्यांना तपासणारे हृदयतज्ज्ञही होते. पण त्यांच्या जनुकांत काय आहे, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नव्हता.

३. मदुराईपासून हैदराबादपर्यंत : २००३ ते २००९

मदुराई कामराज विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात सी. राजमाणिक्कम आणि त्यांचे विद्यार्थी हृदयस्नायूवर काम करत होते. सक्तिवेल सदयप्पन हे त्यांपैकी एक. या विभागाने जर्मनीतील संशोधकांबरोबर आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील हृदयतज्ज्ञांबरोबर भारतीय कुटुंबांचे नमुने तपासले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात एमवायबीपीसी३ जनुकातील २५ अक्षरांच्या तुटीची नोंद आहे.

ही तूट जनुकाच्या ३२व्या इंट्रॉनमध्ये आहे. इंट्रॉन म्हणजे जनुकाचा तो भाग, जो प्रथिन बनण्याआधी कापून टाकला जातो. उरलेले एक्सॉन एकमेकांना जोडले जातात. मग टाकाऊ भागातली २५ अक्षरे गेली तर बिघडले कुठे? कारण कात्री कुठे चालवायची याच्या खुणाही इंट्रॉनमध्येच असतात. त्यातली एक खूण या २५ अक्षरांबरोबर नाहीशी होते. परिणामी पुढचा, ३३वा एक्सॉन जोडणीत वगळला जाऊ शकतो आणि प्रथिनाचे शेवटचे टोक बदलते. याच टोकाने प्रथिन मायोसिनच्या तंतूला धरून राहते.

त्याच लेखात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे नंतर अधिक लक्ष द्यायला हवे होते : हीच तूट दक्षिण भारतातील निरोगी माणसांतही आढळली होती.

पुढचे पाऊल हैदराबादेत पडले. पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र, म्हणजे सीसीएमबी, येथे कुमारसामी थंगराज आणि लालजी सिंग भारतातील समाजगटांचा जनुकीय इतिहास अभ्यासत होते. त्यासाठी देशभरातील शेकडो गावांतून, जातींतून आणि आदिवासी समाजांतून नमुने जमले होते. हा साठा माणसे भारतात कशी पसरली हे शोधण्यासाठी होता. पण एखादा जनुकबदल कुठे किती आहे, हे मोजायलाही तोच उपयोगी होता.

२००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात पेरुंदुराई धंडपाणी, सदयप्पन, थंगराज आणि इतर वीसहून अधिक संशोधकांचा लेख आला. लेखकांची यादीच बोलकी आहे. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या जनुकशास्त्र विभागात शिकवणाऱ्या प्रतिभा नल्लारी, चंदीगडच्या पीजीआयमधील संशोधक, श्री चित्रा संस्थेतील हृदयतज्ज्ञ, मुंबईच्या केईएम रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ, तसेच पाकिस्तान, ब्रिटन आणि अमेरिकेतील संशोधक त्यात आहेत. रुग्ण रुग्णालयांत येतात, जनुके प्रयोगशाळेत वाचली जातात आणि दोन्हींना जोडणारे विद्यार्थी विद्यापीठात तयार होतात. तिन्ही ठिकाणे एकत्र आली, तेव्हाच हे काम झाले.

लेखाचे दोन निष्कर्ष महत्त्वाचे होते. हृदयस्नायूच्या विकाराच्या रुग्णांत ही तूट निरोगी तुलनागटापेक्षा कितीतरी अधिक आढळली. दोन टप्प्यांतील आकडे एकत्र केल्यावर हे गुणोत्तर सुमारे ७ आले. आणि भारतीय उपखंडातील लोकसंख्येत ती सुमारे ४ टक्के लोकांत होती. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हृदयपेशींमध्ये बदललेले प्रथिन घातल्यावर पेशींची रचना बिघडलेलीही दिसली. अनेक वाहकांना तरुणपणी काही त्रास नसतो, धोका वयाबरोबर वाढतो, असे चित्र मांडले गेले.

४. आकड्यांचा साधा हिशेब

येथे थोडे थांबून हिशेब करू. तो वर्गात फळ्यावर करण्याजोगा आहे.

२०११च्या जनगणनेनुसार भारताची लोकसंख्या सुमारे १२१ कोटी होती. तिचे ४ टक्के म्हणजे सुमारे ४ कोटी ८० लाख वाहक. आता आजाराकडे पाहू. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीचे प्रमाण साधारणपणे ५०० प्रौढांमागे १ असे धरतात. हा आकडा मूळचा अमेरिकेतील पाहणीचा आहे, पण अंदाजापुरता वापरू. १२१ कोटींचा पाचशेवा भाग म्हणजे सुमारे २४ लाख.

म्हणजे देशातील या विकाराचा प्रत्येक रुग्ण याच तुटीमुळे आजारी आहे असे मानले, तरी वाहकांत २० पैकी १९ जणांना हा विकार नाही. प्रत्यक्षात रुग्णांपैकी थोड्याच जणांत ही तूट आढळते. त्यामुळे खरे प्रमाण याहूनही खाली जाते. हृदयस्नायूचे इतर विकार जमेस धरले तरी चित्र मुळातून बदलत नाही.

गुणोत्तर ७ हा आकडा खोटा नव्हता. पण ‘रुग्णांत अधिक आढळणे’ आणि ‘वाहकाला आजार होणे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यात आपण रुग्णापासून सुरुवात करून जनुकाकडे जातो, दुसऱ्यात जनुकापासून सुरुवात करून माणसाच्या भविष्याकडे. बातम्यांत पहिल्याचे दुसरे होऊन गेले.

५. इतका जुना बदल टिकला कसा?

ही तूट सुमारे ३३ हजार वर्षांपूर्वी निर्माण झाली असावी, असा अंदाज २००९च्या संशोधनातून पुढे आला. त्यानंतर ती उपखंडात सर्वदूर पसरली. ईशान्य भारतातील समाजगटांत मात्र ती आढळली नाही. आग्नेय आशियातही तिचा काही आढळ आहे.

हानिकारक बदल नैसर्गिक निवडीने हळूहळू कमी व्हायला हवा, मग हा इतका पसरला कसा? तेव्हा दिलेले उत्तर असे : त्रास उतारवयात सुरू होतो, तोवर मुलेबाळे झालेली असतात आणि बदल पुढच्या पिढीत गेलेला असतो. हे उत्तर तर्काला धरून आहे. पण याच माहितीतून दुसरा अर्थही निघू शकत होता : हा बदल एकटा असताना कदाचित फारसा हानिकारक नसेलच. दोन्ही अर्थांत निवड करायला आणखी पुरावा हवा होता. तो मिळायला सुमारे दहा वर्षे गेली.

६. दुरुस्ती : २०१८ ते २०२०

दरम्यान सदयप्पन अमेरिकेत प्राध्यापक झाले होते. सिनसिनाटी विद्यापीठातील त्यांच्या गटाने अमेरिकेत राहणाऱ्या दक्षिण आशियाई वंशाच्या २४०१ लोकांची तपासणी केली. त्यांतील सुमारे ६ टक्के लोकांत ही तूट होती. वाहकांची जनुके पूर्ण वाचल्यावर दिसले की जवळजवळ दहापैकी एका वाहकात त्याच जनुकात, त्याच प्रतीवर, आणखी एक बदल आहे. हा दुसरा बदल असलेल्यांच्या हृदयाच्या आकुंचनात फरक दिसला; केवळ २५ अक्षरांची तूट असलेल्यांत तसा दिसला नाही. हा लेख २०१८ मध्ये आला. २००३, २००९ आणि २०१८ या तिन्ही लेखांत सदयप्पन यांचे नाव आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. ज्याने प्रश्न उभा केला, त्यानेच आपल्या उत्तराची पुन्हा परीक्षा घेतली.

२०२० मध्ये ब्रिटनमधील संशोधकांच्या पुढाकाराने अतिवृद्धीच्या ५३९३ रुग्णांच्या जनुकीय माहितीचे विश्लेषण झाले. तूट असलेल्या लोकांतील एका लहान गटात याच जनुकाच्या दुसऱ्या एका इंट्रॉनमध्ये खोलवर एका अक्षराचा दुर्मिळ बदल होता. तो जनुकाची जोडणी बिघडवतो आणि खरोखर रोगकारक आहे. नेहमीच्या जनुकीय चाचण्या एक्सॉन वाचतात, म्हणून तो आजवर निसटत होता. आधी २५ अक्षरांच्या तुटीला चिकटवलेला धोका या दुसऱ्या बदलाने समजावता येतो, केवळ तूट असलेल्या व्यक्तीला अतिवृद्धीचा वाढीव धोका नाही आणि या तुटीची सुटी चाचणी करू नये, असा या लेखाचा निष्कर्ष होता.

दोन बदल एकाच गुणसूत्राच्या तुकड्यावर जवळजवळ असले, तर ते पिढ्यान्‌पिढ्या बरोबरच पुढे जातात. हे समजायला एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या मार्गावरील एसटीत वारंवार खिसे कापले जातात आणि प्रत्येक वेळी त्या गाडीत निळी पिशवी घेतलेला एक प्रवासी असतो. संशय त्याच्यावर जाणे साहजिक आहे. पण तोच प्रवासी इतर शंभर गाड्यांतूनही जातो आणि तेथे काही घडत नाही. मग शोध घेतल्यावर कळते की खिसेकापू दुसराच आहे. तो फक्त काही फेऱ्यांना त्याच्या शेजारी बसतो. निळी पिशवी दिसली, एवढ्यावरून प्रत्येकाला चौकीत नेणे योग्य नाही.

याचा अर्थ २००९चे काम वाया गेले असा नाही. त्या कामाने भारतीय रुग्णांच्या जनुकांकडे लक्ष वेधले, नमुने जमवले, तूट किती पसरली आहे ते मोजले. त्या मोजणीशिवाय पुढची दुरुस्ती शक्यच नव्हती. पेशींच्या प्रयोगांत दिसलेल्या परिणामांचा माणसाच्या आयुष्यात कितपत अर्थ आहे, यावर काम सुरूच आहे.

७. घरातला प्रश्न

जनुकीय अहवाल आपल्याकडे एकट्या माणसाचा राहत नाही. तो लग्नाच्या बोलण्यांत येतो, विम्याच्या अर्जात येतो, भावंडांच्या झोपेत येतो. ४ टक्के लोकांवर ‘हृदयविकाराचे जनुक’ असा शिक्का बसला, तर त्याची किंमत बहुतांशी निरोगी माणसे मोजतील.

विम्याचा प्रश्न काल्पनिक नाही. हृदयस्नायूच्या अतिवृद्धीचा विकार असलेल्या एका विमाधारकाचा दावा ‘आनुवंशिक विकार’ या कलमाखाली नाकारला गेला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की सर्व आनुवंशिक विकार सरसकट वगळणारे असे मोघम कलम भेदभाव करणारे आहे आणि समानतेच्या घटनात्मक हक्काविरुद्ध आहे. विषय पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला. कोणता बदल रोगकारक आणि कोणता नाही, हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर किती दूर पोहोचतो, ते यावरून कळते.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. ज्या घरात तरुण माणसाचा अचानक मृत्यू झाला आहे किंवा अतिवृद्धीचे निदान झाले आहे, तेथे आईवडील, भावंडे आणि मुले यांची हृदयतज्ज्ञांकडून तपासणी व्हायला हवी. ईसीजी आणि टू-डी इको या त्यातील पहिल्या तपासण्या. ‘जनुकाचे काही खरे नसते’ म्हणून ही तपासणी टाळणे हे शिक्का मारण्याइतकेच चुकीचे आहे. रुग्णात खरोखर रोगकारक बदल सापडला असेल, तर नातेवाइकांत नेमका तोच शोधता येतो आणि ज्यांच्यात तो नाही, त्यांना वर्षानुवर्षांच्या काळजीतून मोकळे करता येते. जनुकीय समुपदेशनाचे मोल येथे आहे.

समारोप

कोॲटिकूकच्या कुटुंबात एक अक्षर बदलले आणि आजार आला. भारतीय उपखंडात २५ अक्षरे गेली आणि बहुतेकांना काहीच झाले नाही. बदलाचा आकार आणि त्याचा परिणाम यांचे सरळ नाते नाही. एखादा बदल रोगकारक आहे की नाही, हे कुटुंबातील वारसा, लोकसंख्येतील प्रमाण, पेशीतील परिणाम आणि त्याच प्रतीवरील शेजारचे बदल या चारही गोष्टी पाहून ठरवावे लागते.

शिक्षकांनी हा विषय शिकवताना २००९चा निष्कर्ष आणि २०२०ची दुरुस्ती दोन्ही एकाच तासात सांगावीत. जुन्या पाठ्यसामग्रीत अजूनही पहिलाच भाग आढळतो. वर्गात बसलेल्या पंचवीस विद्यार्थ्यांपैकी सरासरी एक जण या तुटीचा वाहक असतो, हे लक्षात ठेवून बोलावे.

विचारासाठी प्रश्न

१. इंट्रॉनमधील बदल प्रथिनावर कसा परिणाम करू शकतो? या टिपणातील दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.

२. रुग्णांत एखादा जनुकबदल सातपट अधिक आढळतो, यावरून प्रत्येक वाहकाविषयी काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही?

३. समाजगटांच्या इतिहासासाठी जमवलेले नमुने वैद्यकीय संशोधनाला कसे उपयोगी पडले? असा वापर करताना नमुने देणाऱ्यांची संमती का महत्त्वाची ठरते?

४. तुमच्या परिचयातील एखाद्याच्या अहवालात ‘वाहक’ असा शब्द आला, तर तुम्ही त्यांना कोणते प्रश्न डॉक्टरांना विचारायला सांगाल?